स्मृतीचे विज्ञान आणि आत्मकथनाची सत्यता : एक समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

मराठीतील आत्मचरित्रे आणि आत्मकथने वर्गात शिकविताना एक प्रश्न हटकून विचारला जातो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे प्रसंग, त्यांतील संवादांसह, लेखकाला कसे आठवतात? प्रश्न रास्त आहे. परंतु तो सर्व पुस्तकांना सारख्याच रीतीने विचारला जात नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अध्यापनातील अनुभव आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधील संवाद वाचताना विद्यार्थी त्यांच्या जिवंतपणाचे कौतुक करतात. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) किंवा प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) वाचताना मात्र त्याच जिवंतपणाविषयी 'हे खरेच असे घडले असेल का?' अशी शंका पुढे येते. एका पुस्तकाच्या बाबतीत जो गुण मानला जातो, तोच दुसऱ्या पुस्तकाच्या बाबतीत संशयाचे कारण ठरतो.

अलीकडे या संशयाला विज्ञानाचा आधार दिला जाऊ लागला आहे. स्मृती ही भूतकाळाची नक्कल नसून नव्याने केलेली रचना असते, असे मानसशास्त्र सांगते. मग आठवणींवर उभ्या असलेल्या साक्षीला किंमत ती काय, असा हा युक्तिवाद आहे. याच्या दुसऱ्या टोकाला, आत्मकथनातील प्रत्येक शब्द 'जसाच्या तसा' जगलेला असतो आणि त्याविषयी प्रश्न विचारणे हाच अन्याय होय, असे मानणारी सहानुभूतीची समीक्षा आहे. या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी स्मृतीविषयीची एकच चुकीची कल्पना आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. स्मृतीचे विज्ञान काय सांगते हे नीट पाहिले, तर आत्मकथनाची साक्ष रद्द होत नाही. ती कोणत्या बाबतीत भक्कम आणि कोणत्या बाबतीत दुबळी, हे मात्र अधिक नेमकेपणाने सांगता येते.

१. कोठाराची प्रतिमा

आठवणींचा साठा, आठवणींची शिदोरी, स्मृतीचे भांडार, मनाच्या कप्प्यात जपलेले क्षण, हे शब्दप्रयोग आपल्या समीक्षेत इतके रुळले आहेत की त्यांमागे एक सिद्धान्त दडलेला आहे याचा विसर पडतो. अनुभव ही वस्तू आहे, ती आत ठेवली जाते, आणि आठवणे म्हणजे ती जशीच्या तशी बाहेर काढणे, असा तो सिद्धान्त होय. कोठारातील धान्य कमी होईल, त्याला कीड लागेल. परंतु जोंधळ्याची बाजरी होणार नाही.

स्मृतीच्या प्रायोगिक अभ्यासाचा आरंभ याच कल्पनेच्या छायेत झाला. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. पूर्वज्ञानाचा परिणाम टाळण्यासाठी त्यांनी निरर्थक शब्दावयव तयार केले, त्यांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही काळानंतर त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के आणि एकतीस दिवसांनंतर सुमारे २१ टक्के भरली. विस्मरण आरंभी झपाट्याने आणि पुढे संथपणे होते, हा त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. मात्र त्यांची पद्धती 'किती उरले?' एवढेच विचारू शकत होती. 'जे उरले त्याचे रूप काय झाले?' हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर होता.

तो प्रश्न केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विचारला. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि नंतर निरनिराळ्या अंतराने ती पुन्हा सांगावयास लावली. वाचकांनी कथा केवळ संक्षिप्त केली नाही, तर ती बदलली. कथेतील विशिष्ट प्रकारची होडी साधी नाव झाली, सीलच्या शिकारीचे मासेमारीत रूपांतर झाले, आणि जे त्यांच्या संस्कृतीत अतर्क्य होते ते गळाले किंवा तर्काला पटेल असे झाले. माणूस आठवतो तेव्हा तो मनात आधीपासून असलेल्या आकृतिबंधाच्या साहाय्याने भूतकाळाची पुनर्रचना करीत असतो, असे बार्टलेट यांनी दाखविले. कोठाराची प्रतिमा येथे प्रथम गंभीरपणे डळमळली.

२. स्मृती एक नव्हे, अनेक

'स्मृती' या एका शब्दाने आपण अनेक भिन्न क्षमतांचा निर्देश करतो, हेही विसाव्या शतकात स्पष्ट झाले. यातील निर्णायक प्रकरण हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाचे आहे. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या शंखखंडांचा आतील भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्यात हिप्पोकॅम्पस या अवयवाचा मोठा अंश होता. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना कोणताही नवा प्रसंग लक्षात ठेवता आला नाही. त्यांची बुद्धी आणि भाषा शाबूत होती, लहानपणीचेही पुष्कळसे आठवत होते. ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम दिले. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला. परंतु हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्यांना प्रत्येक वेळी काहीच कल्पना नसे. हाताला आठवत होते, माणसाला नव्हते.

१९७२ मध्ये एंडेल टल्व्हिंग यांनी आणखी एक भेद मांडला. 'अमुक दिवशी अमुक ठिकाणी मी हे अनुभवले' ही प्रसंगस्मृती आणि 'जग असे असे आहे' ही ज्ञानस्मृती, या दोन्ही वेगळ्या आहेत. शाळेचा पहिला दिवस आठवणे ही प्रसंगस्मृती. शाळेत कोणाला कोठे बसवीत असत हे ठाऊक असणे ही ज्ञानस्मृती. मार्टिन कॉनवे आणि क्रिस्टोफर प्लेडेल-पिअर्स यांनी २००० मध्ये आत्मचरित्रात्मक स्मृतीची रचना तीन स्तरांत मांडली : आयुष्यातील दीर्घ कालखंड, वारंवार घडलेल्या किंवा एकत्र बांधल्या गेलेल्या घटनांचे सामान्य ज्ञान, आणि एखाद्या प्रसंगाचे इंद्रियगम्य तपशील. आपण 'आठवण' म्हणतो ती या तिन्ही स्तरांवरून, आठवण्याच्या क्षणी, गुंफली जाते. समीक्षेच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. आत्मकथनातील एकच परिच्छेद या तिन्ही स्तरांवर उभा असू शकतो, आणि त्या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नसते.

३. खात्री म्हणजे प्रमाण नव्हे

संशयवादी ज्या प्रयोगांचा दाखला देतात, त्यांत एलिझाबेथ लॉफ्टस यांचे प्रयोग अग्रभागी आहेत. १९७४ मध्ये त्यांनी जॉन पामर यांच्यासह विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखविली. काहींना मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असे तीव्र क्रियापद वापरून विचारले, तर काहींना 'लागल्या' अशा सौम्य क्रियापदाने विचारले. आठवड्यानंतर 'फुटलेली काच दिसली का?' असा प्रश्न केला असता तीव्र क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांनी, तर सौम्य क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. पुढे १९९५ मध्ये जॅकलिन पिकरेल यांच्यासह केलेल्या अभ्यासात, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची खोटी हकीकत घरच्यांच्या नावे सांगितली असता चोवीस सहभागींपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांनी ती अंशतः किंवा पूर्णतः 'आठवली'.

आठवणीविषयीची खात्रीही तिच्या सत्यतेची हमी देत नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' या अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून, ही वार्ता कशी कळली, ते लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी चव्वेचाळीस जणांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. अकरा जणांचे उत्तर मूळ उत्तराशी कोणत्याही मुख्य बाबतीत जुळले नाही, तरीही बहुतेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातील जुना मजकूर दाखविल्यावरही मूळ आठवण परतली नाही.

मज्जाविज्ञानानेही या चित्राला दुजोरा दिला. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, पक्की झालेली भीतीची स्मृती पुन्हा जागी केली असता ती काही काळ अस्थिर होते आणि तिचे पुनर्दृढीकरण व्हावे लागते. त्या अवधीत मेंदूतील प्रथिननिर्मिती रोखली तर ती क्षीण होते. हे प्रत्येक परिस्थितीत घडतेच असे नाही, हे पुढील संशोधनातून दिसले. तरीही आठवण्याची क्रिया आठवणीला बदलू शकते, एवढे त्यातून सूचित होते.

येथवर संशयवाद्यांची बाजू बळकट दिसते. मात्र हेच प्रयोग दुसऱ्या बाजूनेही वाचले पाहिजेत. सौम्य प्रश्न ऐकलेल्या पन्नासांपैकी त्रेचाळीस जणांनी नसलेली काच पाहिली नाही. हरवल्याची खोटी हकीकत सुमारे तीन चतुर्थांश सहभागींनी स्वीकारली नाही, आणि ज्यांनी स्वीकारली त्यांच्यामागे घरच्या माणसाच्या नावाचे बळ होते. 'चॅलेंजर'ची वार्ता कोणाकडून कळली हे विसरलेल्या कोणीही स्फोट झालाच नाही, असे म्हटले नाही. स्मृती चुकते, परंतु ती विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट रीतीने चुकते. ही रीत ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

४. जॉन डीन यांची साक्ष

या दृष्टीने नायसर यांचा १९८१ मधील एक अभ्यास विशेष उद्बोधक आहे. वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेच्या अध्यक्षांचे विधी सल्लागार जॉन डीन यांनी जून १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे प्रदीर्घ साक्ष दिली. जुन्या संभाषणांचे तपशील ते इतक्या आत्मविश्वासाने सांगत होते की त्यांना 'मानवी ध्वनिमुद्रक' म्हटले गेले. अध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणे खरोखरच ध्वनिमुद्रित होत होती, हे नंतर उघड झाले. साक्ष आणि ध्वनिफीत शेजारी ठेवून पाहण्याची दुर्मीळ संधी त्यामुळे मिळाली.

नायसर यांना आढळले ते असे. १५ सप्टेंबर १९७२ च्या भेटीत अध्यक्षांनी उच्चारले म्हणून डीन यांनी सांगितलेली वाक्ये ध्वनिफितीत जवळजवळ नव्हतीच. शब्दशः सत्याच्या कसोटीवर साक्ष नापास झाली. इतकेच नव्हे, डीन यांच्या आठवणीत त्यांची स्वतःची भूमिका प्रत्यक्षापेक्षा अधिक मध्यवर्ती झाली होती. तरीही अध्यक्षांना प्रकरण दडपण्याची माहिती होती आणि त्यांची त्याला संमती होती, हे साक्षीचे सार खरे होते. अनेक भेटींत पुनःपुन्हा जे घडत होते त्याचे सत्य डीन यांच्या स्मृतीने एका प्रसंगाच्या रूपात मांडले होते. अशा स्मृतीसाठी नायसर यांनी 'रिपिसोडिक' असा शब्द घडविला. मराठीत तिला 'आवर्तनस्मृती' म्हणता येईल : दिसावयास एका प्रसंगाची, परंतु वस्तुतः आवर्तनाची.

५. आत्मकथनांकडे पुन्हा पाहताना

आवर्तनस्मृतीची संकल्पना दलित आत्मकथनांना विलक्षण लागू पडते. अस्पृश्यता हा एकदा घडलेला अपघात नव्हता. पाणवठा, शाळा, मंदिर, हॉटेल, भाड्याची खोली, अशा ठिकाणी तीच वागणूक वर्षानुवर्षे, दिवसाकाठी अनेकदा मिळत होती. ज्या गोष्टीची आवृत्ती होते तिचे ज्ञान स्मृतीत सर्वांत पक्के राहते. त्या शेकडो प्रसंगांतून एक प्रसंग वेगळा काढून त्याचा वार आणि शब्द सांगणे मात्र सर्वांत अवघड असते. म्हणजे अमुक दिवशी अमुक माणूस नेमके काय बोलला, याबाबत आत्मकथन चुकू शकते, आणि तरीही त्या गावात माणसाला कसे वागविले जात होते, याबाबतची त्याची साक्ष भक्कम असू शकते. संशयवादी पहिल्यावरून दुसरे नाकारतात, तर सहानुभूतीची समीक्षा दुसरे वाचविण्यासाठी पहिलेही बिनचूक असल्याचे सांगते. दोघांचीही गल्लत एकच आहे.

हा भेद संहितेत ओळखण्याचे साधन मराठी व्याकरणातच आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. 'पाणी वरून ओंजळीत ओतले जाई' आणि 'त्या दिवशी पाणी वरून ओंजळीत ओतले' ही दोन कल्पित वाक्ये घेऊ. पहिले वाक्य रीतीचा, म्हणजे आवर्तनाचा दावा करते. दुसरे एका घटनेचा. आत्मकथनात लेखक रीतिभूतकाळातून साध्या भूतकाळात केव्हा शिरतो, हे पाहिले की सामान्य ज्ञानाच्या स्तरावरून प्रसंगाच्या स्तरावर तो कोठे उतरला, हे दिसते. संवाद बहुधा या उतरणीवरच येतात. ते ध्वनिमुद्रण म्हणून वाचावयाचे नसून, आवर्तनाला दिलेले प्रसंगरूप म्हणून वाचावयाचे आहेत. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकाचे शीर्षकच अनेकवचनी आहे. 'माझे' नव्हे, 'आमुचे' म्हणताना लेखिका आपण कोणत्या प्रकारची साक्ष देत आहोत, हे आरंभीच सांगते.

'बलुतं'ची रचनाही या प्रकाशात वेगळी दिसते. तेथे शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे आहेत. समीक्षेने याकडे मुख्यतः दुभंगलेल्या व्यक्तित्वाची खूण म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु जॉर्जिया निग्रो आणि नायसर यांनी १९८३ मध्ये दाखविले की, काही आठवणींत माणूस प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, तर काहींत स्वतःलाच बाहेरून पाहतो. आणि जुन्या आठवणींत हा बाहेरचा दृष्टिकोन अधिक आढळतो. स्वतःला बाहेरून पाहणे ही स्मृतीची रीतच असेल, तर 'बलुतं'ची दुहेरी रचना ही आठवण्याच्या क्रियेशी प्रामाणिक राहण्याची वाट आहे. हे सांगणे आजच्या माणसाने ऐकलेले कालच्या माणसाचे सांगणे आहे, ही मर्यादा लेखकाने लपविलेली नाही.

आता 'स्मृतिचित्रे'कडे वळू. १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाईंच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे चित्र आरंभी येते, ते रोज घडणाऱ्या गोष्टींचे, म्हणजे आवर्तनस्मृतीचेच आहे. मध्यम वयानंतर माणसाला साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणी तुलनेने अधिक येतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लक्ष्मीबाईंचा विवाह आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, या दोन्ही घटना याच वयोमर्यादेत पडतात. थोडक्यात, 'स्मृतिचित्रे' ज्या स्मृतिव्यापारातून घडले, त्याच व्यापारातून 'बलुतं' घडले आहे. एकाला विश्वास आणि दुसऱ्याला संशय, अशी वाटणी करण्यास स्मृतीचे विज्ञान कोणताही आधार देत नाही. त्या वाटणीचे कारण वाचकाच्या सामाजिक स्थानात शोधावे लागते. ज्याला एखादी गोष्ट स्वतःच्या घरातून ठाऊक असते त्याला ती 'जिवंत' वाटते, आणि जी मान्य करणे अडचणीचे असते ती 'अतिरंजित' वाटते. बार्टलेट यांच्या इंग्रज वाचकांनीही अनोळखी कथेचे हेच केले होते.

६. दोन आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, 'सार खरे' हे सूत्र स्वीकारले तर लेखकाला काहीही लिहिण्याची मोकळीक मिळेल. तसे होत नाही. आवर्तनस्मृतीचा आधार परिस्थितीच्या वर्णनापुरता आहे. एखाद्या ओळखता येणाऱ्या व्यक्तीवर एका विशिष्ट कृत्याचा आरोप असेल, तर त्याला स्वतंत्र पुरावा हवाच. शिवाय डीन यांच्या प्रकरणातून असेही दिसते की, स्मृती सर्वाधिक फेरफार करते ती आठवणाऱ्याच्या स्वतःच्या भूमिकेत. म्हणून आत्मकथनात गावाच्या वर्णनापेक्षा लेखकाने स्वतःविषयी रंगविलेल्या चित्राकडे, त्याच्या बाणेदार उत्तरांकडे आणि एकट्याने दिलेल्या लढ्याकडे समीक्षकाने अधिक सावधपणे पाहावे. आजवर संशयाचा रोख बरोबर उलट्या दिशेने राहिला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'बलुतं' नंतरच्या लेखकांनी आधीची आत्मकथने वाचलेली होती. मग वाङ्मयप्रकार हाच एक आकृतिबंध होऊन त्यांच्या आठवणींना वळण लावीत असेल, तर त्यांतील साम्य हा पुरावा कसा मानावा? मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्येच स्मृतीच्या सामाजिक चौकटींचे विवेचन केले होते. माणूस समूहाच्या चौकटीतच आठवतो, हे खरे आहे. त्यामुळे केवळ साम्यावर भिस्त ठेवू नये. समीक्षकाने साम्याच्या पोटातील फरक पाहावेत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मधील (१९८०) कैकाडी कुटुंबाची भटकंती आणि 'बलुतं'मधील महारवाडा व मुंबईचा कावाखाना, यांचे तपशील एकमेकांवरून उचललेले असू शकत नाहीत. तपशील वेगळे आणि त्यांमागील व्यवस्था तीच, हे आढळते तेव्हा साक्षी परस्परांना खरोखर पुष्टी देतात.

समारोप

भारतीय विचारात हा प्रश्न नवा नाही. न्यायदर्शनाने स्मृतीला संस्कारातून उत्पन्न होणारे ज्ञान मानले आणि ती पूर्वानुभवावर अवलंबून असल्याने तिला प्रमेत स्थान दिले नाही. मात्र स्मृती खोटीच असते, असेही त्याने म्हटले नाही. तिचे याथार्थ्य मूळ अनुभवाच्या याथार्थ्यावर सोपविले. आधुनिक विज्ञानाने यात एवढीच भर घातली आहे की, मूळ अनुभव आणि आठवण यांच्यामध्ये आठवणारा माणूस, त्याचा आजचा काळ आणि त्याची भाषा उभी असते.

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, आत्मकथनाच्या सत्यतेविषयी एकच सरसकट प्रश्न विचारणे अशास्त्रीय आहे. विधान आवर्तनाचे आहे की एका घटनेचे, हे आधी ठरवावे. दोन, वर्णनाचा जिवंतपणा आणि लेखकाची खात्री ही सत्याची प्रमाणे नव्हेत. पण ती असत्याचीही प्रमाणे नव्हेत. तीन, स्मृतीच्या मर्यादा सर्व माणसांना सारख्याच आहेत, म्हणून कसोटीही सर्व आत्मचरित्रांना सारखीच लावली पाहिजे.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांच्याकडे दप्तरे, पत्रव्यवहार आणि रोजनिश्या होत्या त्यांचा भूतकाळ कागदावर टिकला. ज्यांना अक्षरच नाकारले गेले होते त्यांच्याजवळ भूतकाळ ठेवण्यास स्मृतीवाचून दुसरी जागा नव्हती. ती जागा किती मजबूत आणि कोठे कच्ची, हे तपासण्याचा समीक्षेला अधिकार आहे. मात्र विज्ञानाचे नाव घेऊन ती पाडून टाकण्याचा अधिकार तिला नाही, आणि ते विज्ञान तसे सांगतही नाही.